निवृत्तीनंतर राहायला गाव : वाई की दापोली?

ठाकुर्लीकर

नमस्कार मंडळी,

येत्या एप्रिलअखेर बँकेतून सुटतोय. त्याच सुमारास आमची सोसायटी पुनर्विकासाला जाते आहे. बिल्डर तीन वर्षं म्हणतो, म्हणजे पाच धरायची. बोचकं बांधायचंच आहे, तर ते पलीकडच्या गल्लीत न नेता एखाद्या बऱ्या गावातच न्यावं असं डोक्यात आलंय. अडचण एवढीच की आम्हाला गाव नाही. आजोबांची देवरुखकडची जमीन कुळकायद्यात गेली, ते मुंबईला आले, आणि 'गावाला जाणे' हा प्रकार आमच्या घरातून संपला.

मी ५९, सौ. ५६. मला २०१९ मध्ये एक स्टेंट बसलाय, बाकी ठीक. तिचे गुडघे कुरकुरतात. मुलगा बेंगळुरूला. जुनी वॅगनआर आहे, मी चालवतो, ती चालवत नाही.

दोन नावांवर आलोय. एक दापोली, कारण बँकेतल्या सहकाऱ्याच्या ओळखीने पाच गुंठे स्वस्तात मिळताहेत. दुसरं वाई, कारण हिची मावशी तिथे असायची आणि लहानपणच्या सुट्ट्या तिथल्या. मी एक्सेलमध्ये सोळा रकान्यांचं कोष्टक केलंय: हवा, पाणी, डॉक्टर, एसटी, वीज, भाजी, वाचनालय वगैरे, प्रत्येकी दहापैकी गुण. वाई ११२, दापोली १०८. चार गुणांवर आयुष्य कसं ठरवायचं? हिला दाखवलं तर म्हणाली, "यात माझा रकाना कुठाय?" आणि कुकर लावायला गेली.

प्रत्यक्ष राहणाऱ्यांनी सांगावं. पर्यटकांचे अनुभव नकोत.

तिसरा मजला

कुठेही जाऊ नका. डोंबिवलीतून रिटायर होऊन नाशिकला गेलेले आमचे दोन शेजारी परत आले. खाली औषधवाला, समोर भाजी, रात्री दोनला रिक्षा. लिफ्टवाला नवीन फ्लॅट मिळतोय, तो घ्या आणि झोपा.

आगोट

दापोलीपासून बारा किलोमीटरवर राहतो, इथलाच आहे. आधी त्या पाच गुंठ्यांबद्दल.

ती जागा एनए, म्हणजे बिगरशेती, आहे का? नसेल तर विषय इथेच संपतो. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही. तुमच्या आजोबांची सगळी जमीन गेली असेल आणि तुमचं नाव आज कुठल्याच सातबाऱ्यावर नसेल, तर तुम्ही शेतकरी नाही. देवरुखला एखादा वरकस तुकडा आजोबांच्या नावावर राहिलाय का ते तलाठ्याकडे जाऊन बघा. कधी कधी निघतो. आणि 'स्वस्तात' म्हणजे बहुतेक सामाईक सातबारा. त्यावर सतरा नावं असतात, त्यातली सहा मुंबईत, दोन वारलेली, एक आत्या जिला कुणी विचारलेलंच नाही. सही राहिली की तीच आत्या दहा वर्षांनी वकील घेऊन येते. आमच्याकडे यालाच करमणूक म्हणतात.

दुसरं, दापोलीत समुद्र नाही. गाव डोंगरावर आहे, म्हणून तर हवा चांगली. समुद्र खाली मुरूड-कर्द्याला. जवळचं रेल्वे स्टेशन खेड, घाट उतरून. छातीचं दुखणं आलं तर इथलं उपजिल्हा रुग्णालय पहिला उपचार करतं, पुढे पाठवावंच लागतं. डेरवणला मोठं हॉस्पिटल आहे, पण पावसात दोन तास तरी धरा. स्टेंटवाल्या माणसाने हा हिशोब आधी करावा.

३ जून २०२०, निसर्ग वादळ. माझी एकशे दहा वर्षांची वाडी साडेतीन तासांत आडवी झाली. वीज यायला आमच्या वाडीला चाळीस दिवस लागले. आम्ही इथलेच, भाऊबंद आहेत, कोयता चालवता येतो. साठीतल्या दोन नवख्या माणसांनी ते कसं काढलं असतं माहीत नाही. तरी यायचं असेल तर गावठाणात बांधलेलं घर बघा, डोंगरावरचा प्लॉट नको.

घाटावरची

ठाकुर्लीकर, तुमची बायको जे विचारून कुकर लावायला गेली ना, त्याचं उत्तर मी देते. जरा लांबेल.

मी ७१ वर्षांची. मुलुंडला टेलिफोन खात्यात होते, हे एका कारखान्यात. २०१४ साली आम्ही वाईला आलो. ह्यांना पुस्तकांचं वेड. विश्वकोश जिथे तयार झाला त्या गावात राहायचं, टिळक वाचनालयात बसायचं, मे महिन्यात व्याख्यानमाला ऐकायची. गाव त्यांनी निवडलं आणि चांगलं निवडलं, आजही म्हणेन. चूक घरात झाली.

पसरणीच्या रस्त्याला, स्टँडपासून साडेचार किलोमीटरवर, नवीन लेआउटमध्ये बंगला बांधला. गच्चीतून पांडवगड दिसायचा. जिना चौदा पायऱ्यांचा, निजायची खोली वर, कारण वरून देखावा. घर बघायला येणारा प्रत्येक जण "व्वा" म्हणायचा. मीही म्हणायचे. गाडी हे चालवायचे. त्यांना वाचनालयात सोडायला कुणी लागत नव्हतं. मला मात्र कढीपत्ता हवा असला तरी "अहो, गावात जायचंय का आज?" असं विचारावं लागायचं. एकोणतीस वर्षं लोकलने एकटी नोकरीला गेलेली बाई मी. तीन वर्षांत परवानगी मागायला शिकले. ते तेव्हा लक्षातही आलं नाही, कारण हे कधी नाही म्हणाले नाहीत.

नोव्हेंबर २०१७. पहाटे सव्वातीनला हे उठले आणि उजवा पाय उचलेना, बोलणं बोबडं. १०८ ला फोन केला. ती बाई शांतपणे पत्ता विचारते आहे आणि मला पत्ता सांगता येत नाही. लेआउटला नाव नाही, रस्त्याला नाव नाही, शेजारी सगळे शनिवार-रविवारवाले, त्यामुळे एकाही घरात दिवा नाही. गाडी पसरणीच्या दोन वाटा फिरून आली. मी गेटवर बॅटरी हलवत उभी. हे सगळं पस्तीस-चाळीस मिनिटांत झालं असेल, मला रात्रभर वाटलं.

अर्धांगवायूला गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही ना हे बघावं लागतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्ही आज माहीत करून घ्या. कोष्टकात 'डॉक्टर' असा एक रकाना ठेवलाय तुम्ही. तो फोडा. रात्री तीनला सीटी कुठे होतो? हृदयाच्या नळीत जाऊन ब्लॉक काढणारा माणूस चोवीस तास कुठे असतो? आणि तुमच्या बँकेच्या पॉलिसीत कॅशलेसच्या यादीत त्यातलं कुठलं हॉस्पिटल आहे? आमच्यासाठी उत्तर होतं सातारा, पस्तीस किलोमीटर, पाचवडवरून. पोचलो वेळेत, पण जेमतेम. जीव वाचला, उजवी बाजू गेली.

पुढची सव्वादोन वर्षं सांगायची खरी गोष्ट. माणूस खाली दिवाणखान्यात पलंगावर, बाथरूमचा दरवाजा चोवीस इंची, व्हीलचेअर शिरत नाही. फिजिओथेरपिस्ट गावातला, तो म्हणाला पेशंट गावात असता तर रोज आलो असतो, एवढ्या लांब आठवड्यातून दोनदा. दिवसाला मावशी मिळायच्या, पण त्यांना सहाच्या आत निघायचं असे, कारण नंतर त्या रस्त्याला काही मिळत नाही. म्हणजे संध्याकाळी सहा ते सकाळी नऊ मी एकटी आणि एक पंचाहत्तर किलोचा माणूस. गाडी दारात उभी, चालवणारा पलंगावर. मी ६४ व्या वर्षी ड्रायव्हिंगच्या क्लासला गेले. दुसऱ्या दिवशी खांब ठोकला आणि सोडून दिलं.

फेब्रुवारी २०२० मध्ये हे गेले. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. त्या बंगल्यात मी आठ-नऊ महिने काढले, त्याबद्दल लिहीत नाही.

डिसेंबरात बंगला भाड्याने दिला आणि गणपती आळीत तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या. मुलीने कपाळाला हात लावला, "आई, जुन्या वाड्यात? पाली असतील." आहेत. वानरंही येतात, वाळवण टाकायची सोय नाही. जोराच्या पावसात धोम धरणातून पाणी सोडलं की नदी ढोल्या गणपतीच्या देवळात शिरते, तेव्हा आळीतले सगळे पायरी मोजत उभे राहतात. म्हणून घर घेताना पाणी कुठवर आलं होतं ते आधी विचारलं, आणि ते घरमालकाला न विचारता समोरच्या वाण्याला विचारलं. पण स्टँड चालत नऊ मिनिटं. डॉक्टर चार, औषधवाला कोपऱ्यावर, बँक, वाचनालय, देऊळ सगळं पायाखाली. एसटीत मला अर्धं तिकीट, ७५ झाल्यावर फुकट. मनात आलं की साताऱ्याला जाते, काम नसलं तरी जाते. सहा वर्षांत कढीपत्त्यासाठी कुणाला विचारलेलं नाही.

म्हणजे गाव तेच. हवा तीच, नदी तीच, गुण तेच ११२. पसरणीच्या रस्त्यावर मी कैदेत होते आणि साडेचार किलोमीटर अलीकडे मोकळी आहे.

तर तुमच्या कोष्टकातून स्वतःला वजा करा, वॅगनआरही करा, आणि सोळाच्या सोळा रकाने परत भरा. वाईट वाटून घेऊ नका. उलटंही होऊ शकतं, ती आधी गेली तर तुम्हाला भाजी कुठे मिळते हे तरी माहीत असेल.

ठाकुर्लीकर

ताई, काल रात्री वाचलं. उत्तर द्यायला आज संध्याकाळ झाली.

आगोट, सातबारा मागवला. सामाईक आहे, अकरा नावं. सहकारी म्हणतो "होऊन जाईल." तेहतीस वर्षं कर्जखात्यात काढली, "होऊन जाईल" म्हणणाऱ्या माणसाला मी कधी कर्ज दिलं नाही. दापोली बाद.

कोष्टक पुन्हा भरायला बसलो. आठ रकान्यांत मला गुणच देता येईनात, कारण हिला एकटीला तिथे किती जमेल हे मला माहीतच नाही. तेहतीस वर्षांच्या संसारात. असो.

ताई, दोन व्यवहारी प्रश्न. जुन्या भागात भाडं किती पडतं? आणि शनिवार-रविवारी पाचगणी-महाबळेश्वरच्या गाड्यांचा त्रास कितपत?

कृष्णाकाठ

मिरजेचं नाव कुणीच घेतलं नाही बघून गंमत वाटली. पांडवगड दिसत नाही ना आमच्याकडनं!

ठाकुर्लीकर, म्हातारपणी देखावा बघायचा का डॉक्टर, ते ठरवा. मिरजेत वानलेस साहेबानं १८९४ ला दवाखाना काढला, १९६२ ला सरकारी मेडिकल कॉलेज आलं, तेव्हापासनं निम्मा कर्नाटक इथं औषधाला येतोय. घरटी एक डॉक्टर नाहीतर कंपाउंडर. आणि जंक्शन आहे. पोरगं बेंगळुरूला म्हणता ना, दुपारी मिरजेत गाडीत बसायचं, सकाळी तिथं. घाट नाही, गाडी चालवणं नाही. उन्हाळा लई आहे आणि धूळ बी, ते लपवत नाही. डास मोजू नका. पण संध्याकाळी सतारमेकर गल्लीतनं गेलात तर कुणीतरी सतारीची जवारी लावत बसलेलं असतंय, ते ऐकत उभं राहायला पैसे पडत नाहीत.

घर बघताना एकच. सांगलीच्या आयर्विन पुलाखाली धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं. एजंट सांगणार, "इथं कधीच आलं नाही." भिंतीवर रंग नवा आहे का बघा आणि शेजारच्या पोराला विचारा. पोरं खोटं बोलत नाहीत, उलट तळहात वर करून दाखवतात कुठवर आलं ते.

आणि घाटावरच्या काकू, तुमच्याकडनं सोडलेलं पाणीच आमच्याकडं येतंय बरं का. जरा बघून सोडा म्हणावं.

घाटावरची

कृष्णाकाठ, सांगते धरणवाल्यांना. आणि मिरजेचं तुमचं खरं आहे. ह्यांच्या आजारपणात मला कुणी विचारलं असतं तर मी मिरज म्हटलं असतं.

ठाकुर्लीकर, मी साडेसात हजार देते, दोन खोल्या, मोरी घरात, संडास घरात. हे 'घरात' मुद्दाम लिहिते, जुन्या वाड्यात विचारून घ्यावं लागतं. नवीन इमारतीतला फ्लॅट जास्त पडतो, पण लिफ्ट आहे म्हणून सांगतात आणि ती बंद असते, तेव्हा तळमजला किंवा फार तर पहिला. विकत काही घेऊ नका, निदान दोन पावसाळे. तुमच्या बिल्डरचं भाडं येणारच आहे, तेच इथे वळवा.

गाड्यांचा त्रास आहे. शनिवारी सकाळी आणि रविवारी संध्याकाळी मुख्य रस्ता ओलांडायला मला पाच मिनिटं लागतात. मे महिन्यात आणि नाताळात विचारूच नका. आळीत आत तेवढा आवाज नाही. मेणवलीच्या घाटावर शूटिंग असलं की गावातल्या निम्म्या पोरांना काम मिळतं आणि आमच्या दूधवाल्याला उशीर होतो.

ठाकुर्लीकर

मी सौ. लिहितेय, ह्यांच्याच नावाने. हे गॅलरीत आहेत.

ताई, तुमचं सगळं वाचलं, दोनदा. माझी मावशी मधल्या आळीत राहायची, तिच्याकडच्या आमरसाची आणि घाटावर पोहायची आठवण आहे, पण ते दहा-बारा वर्षांच्या मुलीचं वाई. मावशी गेली, घर विकलं, आता तिथे माझं ओळखीचं कुणी नाही. इथे माझ्या शिकवण्या आहेत, भिशी आहे, स्टेशनवरची फुलवाली मला नावाने ओळखते. डॉक्टर, एसटी सगळं कळलं. मला एवढंच विचारायचंय की संध्याकाळी सहानंतर तुम्ही काय करता? खरं सांगा.

घाटावरची

खरं सांगते. सहाला घाटावर जाते. आम्ही चौघी आहोत, एक माझ्याहून मोठी. आरती होईपर्यंत बसतो, गुडघे, सुना आणि भाज्यांचे भाव, याच क्रमाने. सातला घरी. सात ते नऊ वाईट जातात. टीव्ही लावते आणि बघत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी समोरच्यांकडे रमी असते, पाच-पाच रुपयांनी, त्या दिवशी नऊ कधी वाजले कळत नाही. बाकीचे पाच दिवस कळतात.

ओळखीचं म्हणाल तर बंगल्यात सहा वर्षं राहिले, तेव्हा गावात मी "त्या मुंबईच्या बाई" होते. आळीत आले त्या हिवाळ्यात कृष्णाबाईचा उत्सव होता. एकेका घाटाचा उत्सव वेगळा, आमच्या आळीचा आमच्या घाटावर. प्रसादाचे तांदूळ निवडायला बायका बसल्या होत्या. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी सूप घेऊन जाऊन बसले. एक जण म्हणाली, "काकू, खडे बघा हां, मागच्या वर्षी दात पडला एकाचा." झालं. तेव्हापासून काकू.

तुमच्या शिकवण्यांचं म्हणाल तर इथे मुलं आहेत आणि गणिताला माणूस नाही. कुठला विषय घेता ते लिहिलं नाहीत.

असं करा, जुलैत या. मे महिन्यात आलात तर आमरस आठवेल आणि फसाल. जुलैत कपडे वाळत नाहीत, लाईट जातात, नदी गढूळ असते, रमीलाही दोघी-तिघी येत नाहीत. माझ्या शेजारची एक खोली रिकामी आहे, पंधरा दिवसांसाठी घरमालकीण देईल, मी बोलते. पुण्यापर्यंत रेल्वेने या आणि स्वारगेटहून एसटी. सुरूरच्या फाट्यावर उतरवणारी गाडी धरू नका, वाई स्टँडात जाते का ते कंडक्टरला आधी विचारा. स्टँडवरून चालत या, मी छत्री घेऊन येते. मिस्टरांना सांगा, वॅगनआर ठाकुर्लीतच राहू दे. आणि पहिले चार दिवस तुम्ही एकट्याच या, ते मागून येतील.